वेताळाचा भाव

इ. स. २०२५ च्या नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या एका प्रसिद्ध लिलावगृहाने चित्रकथेची एक पुस्तिका विकावयास काढली आणि ती एक्क्याण्णव लक्ष वीस हजार डॉलरांस गेली. आपल्याकडील हिशेबाने ही रक्कम ऐंशी कोटी रुपयांच्या घरात भरते. पुस्तिकेचे नाव ‘सुपरमॅन’, अंक पहिला, साल १९३९, छापील किंमत दहा सेंट. चित्रकथेच्या पुस्तिकेस लिलावात इतकी किंमत त्या दिवसापर्यंत कधीही आलेली नव्हती. परंतु आमच्या घरात ह्या बातमीने जी खळबळ उडविली ती रकमेपेक्षाही पुस्तिका कोठे सापडली ह्या तपशिलाने. तीन भाऊ आपल्या दिवंगत आईचे कॅलिफोर्नियातील घर आवरीत असता माळ्यावर, जुन्या वर्तमानपत्रांच्या ढिगाखाली, पुठ्ठ्याच्या एका खोक्यात ती त्यांच्या हाती लागली. त्या माउलीने आणि तिच्या भावाने लहानपणी ती विकत घेतली होती. आपल्यापाशी मोलाच्या चित्रकथा आहेत असे ती मुलांस सांगत असे. दाखवीत मात्र नसे.

माळा, आई, भाऊ आणि जुनी वर्तमानपत्रे ह्या चार गोष्टी ज्या घरात नाहीत असे घर ह्या मासिकाच्या वाचकांत विरळाच. तेव्हा आमच्या पुतण्याने रात्री जेवणाच्या वेळी ही बातमी वाचून दाखविताच सर्वांच्या नजरा आपोआप छताकडे गेल्या ह्यात नवल ते काय? कारण आमच्याही माळ्यावर एक ट्रंक आहे.

ह्या ट्रंकेचा इतिहास थोडक्यात सांगणे अवश्य आहे. आमचा मूळचा वाडा कोल्हापुरात शिवाजी पेठेत. एका छपराखाली चार भावांचा संसार आणि एकंदर अकरा मुले. त्या अकरांपैकी आम्ही तिसरे. मार्च १९६४ मध्ये मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया ह्या वृत्तपत्राच्या मालकांनी ‘इंद्रजाल कॉमिक्स’ नावाची माला काढली आणि पुढे ती मराठीतही निघू लागली. आमचे थोरले काका दर महिन्याच्या पगारास रेल्वे स्थानकावरील दुकानातून एक अंक आणीत. तो अंक आधी कोणी वाचावयाचा ह्याचा क्रम आजीने लावून दिलेला असे. तो वयाप्रमाणे नसून त्या महिन्यात कोणी किती पाणी भरले त्याप्रमाणे असे. वाडा पाडावयाचा ठरला तेव्हा रीतीप्रमाणे भांड्यांची वाटणी झाली, चांदीची झाली, देव कोणी न्यावयाचे हे ठरले, वडिलांच्या पोथ्या आमच्याकडे आल्या. ट्रंक मात्र कोणासच नको होती. शेवटी आमच्या धाकट्या बंधूने ती उचलली आणि आम्ही दोघे भाऊ कळंब्यास नव्या घरात राहावयास आलो तेव्हा तीही आमच्याबरोबर आली. बंधू तीन वर्षांपूर्वी वारले. त्यांची नोकरी एका खाजगी छापखान्यातील, निवृत्तिवेतन नाही. मागे आमच्या भावजयबाई आणि उशिरा झालेली एकुलती एक कन्या. ही मुलगी मिरजेस परिचारिकेचा अभ्यासक्रम करीत आहे आणि तिच्या शेवटच्या वर्षाची फी भरावयाची होती. एकत्र कुटुंबात अशी रक्कम उभी करणे अवघड नसते. अवघड असते ती मागणे. भावजयबाईंचा स्वभाव मागण्याचा नाही. बातमी ऐकून त्या काही बोलल्या नाहीत. पण दुसरे दिवशी सकाळी ट्रंक माळ्यावरून खाली आलेली आम्हांस दिसली.

येथे आमच्या संस्कृतप्रेमी वाचकांसाठी एक विषयांतर करतो. इंद्रजालातील मुख्य नायक म्हणजे ली फॉक ह्या अमेरिकन लेखकाने १९३६ साली निर्माण केलेला ‘फँटम’. मराठी भाषांतरकारांनी त्याचे नाव ठेविले ‘वेताळ’. आमच्या वडिलांना ह्या नावाचा मोठा राग. वेताळ म्हटला म्हणजे सोमदेवाच्या कथासरित्सागरातला, शिंशपेच्या झाडास लटकणारा, त्रिविक्रमसेन राजाच्या खांद्यावर बसून त्यास कोड्यात टाकणारा. तो जांभळ्या रंगाचे घट्ट कपडे घालून पिस्तुले कशी लावील? आम्हां मुलांच्या मनात मात्र असा काही गोंधळ नव्हता. सोमदेवाचा एक, आमच्या पेठेतल्या वेताळमाळाचा एक आणि जंगलातल्या कवटीच्या आकाराच्या गुहेतला एक, असे तीन वेताळ एकाच वेळी गुण्यागोविंदाने नांदत होते. प्रकाशकही सावध होते. मूळ कथेतील ‘बेंगाली’ ह्या देशाचे नाव आपल्या बंगालशी जुळते म्हणून त्यांनी ते ‘डेंकाली’ केले. ‘रामा’ नावाचा एक दुष्ट होता, त्याचा ‘रामालू’ करून टाकिला. इतकी काळजी घेऊनही शाळाखात्यातील मंडळी ह्या पुस्तकांकडे तिरप्या नजरेनेच पाहत. आम्ही स्वतः मास्तर झाल्यावर वर्गात चित्रकथा सापडली की काढून घेत असू आणि वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की ज्याची त्यास परत करीत असू. त्यात आम्हांस आजही काही वावगे वाटत नाही. व्याकरणाच्या तासाला व्याकरण.

असो. ट्रंक उघडली तेव्हा आत काय निघाले? इंद्रजालचे सुटे अंक साठ-पासष्ट. त्याशिवाय वडिलांनी एका जुन्या बुकबाइंडरकडून बांधून घेतलेले इंद्रजालचेच चार जाड खंड. ‘चांदोबा’चे काही अंक, बहुतेकांची मुखपृष्ठे गेलेली. ‘अमर चित्रकथा’ तीस-पस्तीस. आणि तळाशी वेखंडाचे तुकडे व कडुलिंबाचा वाळलेला पाला, जो आमच्या बंधूने दर वर्षी पावसाळ्यापूर्वी बदलला असला पाहिजे, कारण कसर कोठेही लागलेली नव्हती.

पुतणा पुण्यास संगणकाच्या कामावर असतो. त्याने एका व्यापाऱ्यास निरोप धाडला आणि पुढल्या रविवारी ते गृहस्थ कळंब्यास हजर झाले. वय पंचेचाळिसाच्या आसपास, बोलणे मऊ, हातात पातळ पांढरे हातमोजे. त्यांनी दोन तास जे केले ते पाहून आम्हांस आमच्या पदवीधर परीक्षकांची आठवण झाली. अंक उचलावयाचा, पाठीचा कणा पाहावयाचा, मधल्या दोन पिनांस गंज चढला आहे काय ते पाहावयाचे, पाने मोजावयाची, मधले पान सुटलेले नाही ना हे बोट न लावता तपासावयाचे, मग नाकाशी धरून वास घ्यावयाचा. त्यांच्याशी बोलता बोलता ह्या बाजाराची जी रीत आम्हांस उमगली, ती आमच्या शब्दांत मांडतो.

मोल पुस्तकात नसून पुस्तकाच्या नाशात आहे. जी वस्तू सर्वांनी जपली तिला पुढे किंमत येत नाही; जी सर्वांनी फेकली, तिच्या उरलेल्या चार नगांस येते. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळी कागद गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या आणि मुलांनी देशभक्तीने आपल्या चित्रकथा गाडीत टाकल्या. पुढे १९५४ साली एका मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टराने ह्या पुस्तकांनी मुले बिघडतात असा ग्रंथ लिहिला, त्यांच्या सेनेटपुढे चौकशी झाली आणि सुजाण आयांनी उरलीसुरली पुस्तके घराबाहेर काढली. म्हणून १९३८ चा ‘अॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक, ज्यात सुपरमॅन प्रथम अवतरला, आज दुर्मिळ आहे आणि २०२४ साली त्याची एक प्रत साठ लक्ष डॉलरांस गेली. ज्या दोन तरुणांनी हे पात्र निर्मिले त्या जेरी सीगल व जो शुस्टर ह्यांस १९३८ साली सर्व हक्कांबद्दल मिळाले एकशे तीस डॉलर. ह्या एका आकड्यापुढे लिलावातला कोणताही आकडा आम्हांस थोटका वाटतो.

आपल्याकडे महायुद्धाचे काम रद्दीवाल्याने केले. आपल्या घरांत दिवाळीपूर्वी माळा साफ होतो. वर्तमानपत्रे, वह्या आणि चित्रकथा एकाच तागडीत जातात. किलोमागे दहा-पंधरा रुपये येतात, त्यांत गृहिणीस पितळेची एखादी वाटी होते आणि घर मोकळे झाल्याचे समाधान वर. ह्यात गृहिणीचा दोष काढणे म्हणजे शहाजोगपणा होय. दोन खोल्यांत सात माणसे राहत असता साठ पैशांचे पुस्तक साठ वर्षे सांभाळा असे तिला कोण सांगणार? आणि कोल्हापुरात रद्दीवाल्याच्या जोडीस पंचगंगा. येथे नदीची धोक्याची पातळी ४३ फूट समजली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा तोच प्रकार झाला. नदीकाठच्या पेठांतून त्या दोन पावसाळ्यांत किती कागद भिजून लगदा झाला ह्याचा हिशेब कोणी ठेविलेला नाही. आमची ट्रंक कळंब्यास उंचावर होती म्हणून वाचली. तेव्हा कोल्हापूरच्या ह्या भागातील मराठी अंक मिळेनासे झाले आहेत, असे जे ते व्यापारी म्हणत होते, त्यात आम्हांस तरी अतिशयोक्ती दिसली नाही.

दुसरी गोष्ट पुनर्मुद्रणाची. आमचा समज असा होता की अमर चित्रकथांस अधिक किंमत यावी. एक तर विषय आपले. आणि त्या मालेचे जनक अनंत पै ह्यांनी इंद्रजाल निघाली तेव्हा टाइम्सच्याच पुस्तक विभागात काम केलेले, म्हणजे त्यांचा हात मुरलेला. दूरचित्रवाणीवरील प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमात मुलांस ग्रीक देवता ठाऊक, पण रामाच्या आईचे नाव ठाऊक नाही, हे पाहून त्यांनी १९६७ साली इंडिया बुक हाउस ह्या प्रकाशन संस्थेकरवी ही माला सुरू केली. ‘कृष्ण’ हा तिचा अकराव्या क्रमांकाचा अंक. त्याच्या आधीचे दहा अंक पाश्चात्त्य परीकथांचे होते. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम ह्यांच्यासारख्या चित्रकारांनी तिच्यात जे काम केले ते पाहून आमच्या चित्रकलेच्या शिक्षकांनी वर्गात त्या पुस्तिका भिंतीवर लावल्या होत्या. परंतु व्यापाऱ्याने हे तीस-पस्तीस अंक जवळजवळ न पाहताच बाजूस ठेविले. कारण सोपे आहे. ही माला आजही छापली जाते. ज्याला ‘कृष्ण’ हवा त्याने दुकानात जाऊन नवा, कोरा, चकचकीत घ्यावा. जुन्या प्रतीपैकी केवळ पहिल्या छपाईस काही मान आहे. इंद्रजाल मात्र १९९० साली बंद पडली. एकंदर अंक निघाले ८०३, त्यापुढे एकही निघणार नाही. शेवटच्या अंकाचा क्रमांक ८०५ आहे, कारण छापखान्याच्या संपामुळे १२३ व १२४ हे क्रमांक निघालेच नाहीत. आणि हे ठाऊक नसलेला नवा संग्राहक ते दोन अंक धुंडीत वर्षानुवर्षे फिरतो अशी एक गोष्ट त्या गृहस्थांनी हसत हसत सांगितली. ब्रह्म्याचे पाचवे मस्तक शोधण्यासारखेच हे झाले.

चांदोबाची गोष्ट ह्या दोहोंच्या मधली. मद्रासेत नागी रेड्डी व चक्रपाणी ह्यांनी जुलै १९४७ मध्ये तेलुगू व तमिळ भाषांत हे मासिक काढले आणि १९५२ साली ते मराठीत ‘चांदोबा’ नावाने अवतरले. त्यातल्या विक्रम-वेताळाचे ते खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार असे चित्र काढणारे शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन्, २०२० साली शहाण्णवाव्या वर्षी वारले. पुढल्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. मासिक २०१३ च्या सुमारास बंद पडले. म्हणजे दुर्मिळता आहे. परंतु जुन्या अंकांची चित्रे संगणकावर चढविली गेली, आणि ज्याला केवळ कथा पुन्हा वाचावयाची आहे त्याची तहान तेथे भागते. उरतो तो कागदच हवा असणारा गिऱ्हाईक. असे गिऱ्हाईक संख्येने थोडे, पण हट्टी.

तिसरी गोष्ट प्रतीच्या अवस्थेची, आणि येथेच आमच्या ट्रंकेचे घोडे पेंड खाऊ लागले. इ. स. २००० साली अमेरिकेत सीजीसी नावाची एक संस्था निघाली. तिच्याकडे चित्रकथा पाठवावी. ती तिचे परीक्षण करून अर्ध्यापासून दहापर्यंत गुण देते आणि प्लॅस्टिकच्या कठीण पेटीत ती कायमची बंद करून परत पाठविते. कॅलिफोर्नियातील त्या सुपरमॅनला दहापैकी नऊ गुण मिळाले म्हणून ऐंशी कोटी. तोच अंक फाटका असता तर आकडा कितीतरी खाली उतरला असता. पेटी फोडली की गुण रद्द. म्हणजे तो अंक आता कोणी वाचावयाचा नाही. आमच्याकडच्या पोथ्या लिहिणारे लेखक शेवटी तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून ग्रंथ राखावा अशी वाचकास विनवणी करीत. पण वाचकापासून राखावा असे लिहिलेले आमच्या तरी पाहण्यात नाही.

तर वडिलांनी बांधून घेतलेले चार खंड. आमच्या दृष्टीने ट्रंकेतील सर्वांत सुंदर वस्तू तीच. तांबड्या कापडाचा कणा, त्यावर सोनेरी अक्षरांत क्रमांक. व्यापाऱ्याने पहिला खंड उघडला, मिटला आणि हातमोजे काढून ठेविले. बुकबाइंडरने शिवणीसाठी पाठीला भोके पाडली होती आणि तिन्ही बाजूंनी कडा कापून सरळ केल्या होत्या. काही ठिकाणी वेताळाच्या टोपीचे टोकही त्यात गेले होते. ‘कापलेत, काका. ह्यांचं आता काही नाही,’ इतकेच ते म्हणाले. पण बांधले नसते तर ते अंक ह्या घरात टिकले असते काय? अकरा मुले आणि एक अंक ह्या त्रैराशिकाचे उत्तर ज्या सुट्या अंकांस वडिलांनी बांधले नव्हते त्यांच्या स्थितीवरून कळत होते. १९६६ पासून १९७० पर्यंतच्या सुट्यांपैकी फार थोडे उरले होते.

आणि जे उरले होते त्यांच्या पहिल्या पानावर नावे. अंक ज्याच्या हाती पहिला येई त्याने आपले नाव कोपऱ्यात लिहावयाचे, अशी आमच्या घरची चाल होती. कोठे शाईने, कोठे पेन्सिलीने, एके ठिकाणी तर आमच्या एका चुलत बहिणीने हळदीने. व्यापाऱ्याच्या वहीत ह्यास ‘डाग’ असे म्हणतात आणि प्रत्येक डागामागे किंमत उतरते. त्या अकरांपैकी आज सात हयात आहेत. ते डाग आम्ही एक एक करून वाचीत होतो तेव्हा भावजयबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. आमच्या बंधूचे नाव कितव्या अंकावर आहे एवढेच त्यांनी विचारले.

आता भावाच्या चढउताराविषयी. आमच्या पुतण्याचे म्हणणे असे पडले की आता विकू नये. किंमत वर्षानुवर्षे वाढतच जाणार, तेव्हा मुलीच्या लग्नापर्यंत थांबावे. हा युक्तिवाद आम्ही सोन्याच्या, जमिनीच्या आणि अलीकडे शेअरांच्या बाबतीतही ऐकला आहे, आणि प्रत्येक वेळी बोलणारा तरुणच असतो. चित्रकथांच्या बाबतीत ह्याचे उत्तर अमेरिकेनेच देऊन ठेविले आहे. जुन्या अंकांस हजारो डॉलर येतात हे १९७० पासून दर वर्षी निघणाऱ्या किंमतींच्या जंत्रीने घरोघर पोहोचविले, आणि १९९० च्या आसपास लोक नवे अंकच ठेव म्हणून विकत घेऊ लागले. नोव्हेंबर १९९२ मध्ये सुपरमॅन मरतो असा अंक निघाला. काळ्या पिशवीत बंद करून विकला. लोकांनी दोन दोन, पाच पाच घेतले, एक वाचावयास आणि बाकीचे न उघडता मुलांच्या शिक्षणासाठी. लक्षावधी प्रती खपल्या, त्या सर्व जपल्या गेल्या, आणि जपल्या गेल्या म्हणूनच आज त्यांस काही किंमत नाही. सुपरमॅन पुढे लवकरच जिवंतही झाला. बाजार कोसळला, शेकडो दुकाने मिटली आणि मार्व्हल ह्या बड्या प्रकाशनसंस्थेने डिसेंबर १९९६ मध्ये दिवाळे काढण्याचा अर्ज केला. ज्या पिढीने ते पाहिले ती अजून हयात आहे, आणि तरीही ऐंशी कोटींची बातमी वाचून तिचेच डोळे प्रथम विस्फारतात.

इंद्रजालच्या मराठी अंकांबाबत आम्हांस आणखी एक शंका आहे. आज त्यांची किंमत कोण देतो? पन्नाशी-साठीचे लोक, ज्यांच्या हाती आता पैसा आहे आणि ज्यांनी ते अंक लहानपणी चोरून वाचले. माणूस पन्नाशीस आला की त्यास आपले दहावे वर्ष परत विकत घ्यावेसे वाटते. हा व्यापार त्यावर चालतो. पण आमच्या नातवंडांचे दहावे वर्ष निराळे आहे. त्यांस फँटम ठाऊक नाही आणि ठाऊक झालाच तर तो इंग्रजीत. सोमदेवाच्या वेताळास हजार वर्षे गिऱ्हाईक मिळत आले आहे; ली फॉकच्या मराठी वेताळास आणखी वीस वर्षे तरी मिळेल किंवा कसे, ह्याविषयी आमचे मत साशंक आहे. थांबून भाव वाढण्याऐवजी गिऱ्हाईकच संपण्याचा संभव आम्हांस अधिक दिसतो. पोस्टाची तिकिटे जमविणाऱ्या आमच्या समवयस्क स्नेह्यांस विचारून पाहावे. त्यांचे आल्बम घेण्यास आता त्यांचीच मुले तयार नसतात.

व्यापाऱ्याने सुट्या अंकांचे एकरकमी बेचाळीस हजार सांगितले. खंडांचे व चांदोबाचे काही नाही. पुतण्याने हिशेब मांडला की एक एक अंक संगणकावरील लिलावात टाकला तर ह्याच्या दुप्पट सहज येईल. येईलही. पण त्यास वर्ष लागेल, प्रत्येक अंकाची छायाचित्रे, पत्रव्यवहार, टपाल, परत आलेले माल आणि ‘कोपरा दुमडला आहे’ अशा तक्रारी. आणि फीची तारीख महिनाअखेरीची. शिवाय प्रश्न केवळ रकमेचा नव्हता. मुंबईची एक चुलत बहीण दूरध्वनीवरून म्हणाली की ट्रंक वाटणीत कोणाच्याच नावाने नव्हती, सबब सर्वांची आहे, आणि विकूच नये. दुसऱ्या एका बंधूंचे मत पडले की विकावी, पण पैसे सात ठिकाणी वाटावे. एकत्र कुटुंबे मोडून दोन पिढ्या झाल्या तरी त्यांची पंचायत अद्याप भरते, हे पाहून आम्हांस एकीकडे बरेही वाटले.

रात्री भावजयबाई आमच्याकडे आल्या. ‘भाऊजी, तुम्ही वडील. काय ते तुम्ही सांगा,’ म्हणाल्या. आम्ही आमचे मत दिले ते असे. वाडा सोडताना जी वस्तू दहा घरांनी नको म्हटली आणि एकाने बावीस पावसाळे वेखंड घालून राखली, ती राखणाऱ्याची. हा न्याय मिताक्षरेत ह्या शब्दांत सापडणार नाही. पण वाटणीच्या वेळी टाकलेल्या वस्तूवर भाव कळल्यानंतर हक्क सांगणे आम्हांस शोभत नाही. हे आम्ही मुंबईस व इतरत्र त्याच रात्री कळविले. बहिणीने दोन दिवस अबोला धरिला.

भावजयबाईंनी मात्र आमच्या निवाड्यावर आपला निवाडा केला. सुटे अंक त्यांनी माजघरात चटईवर मांडले आणि अकरा मुलांपैकी ज्याचे ज्याचे नाव ज्या अंकावर सापडले असा एक एक अंक बाजूस काढला. नऊ जणांचे मिळाले. दोघांची नावे कोठेच नव्हती, त्यांच्यासाठी त्यांनी एक एक चांदोबा ठेविला. व्यापारी पुन्हा आला तेव्हा नऊ अंक कमी पाहून त्याने चौतीस हजार दिले. त्या नवांत १९६७ चे तीन होते, त्यांचाच भाव मोठा, असे तो जाताना दोनदा म्हणाला. पैसे मोजून घेऊन त्यांनी मिरजेची फी भरली, आणि उरले त्यातून हयात असलेल्या आम्हां सात भावंडांस आणि न उरलेल्या चौघांच्या घरी ते अंक टपालाने धाडले. मुंबईच्या बहिणीचा अंक हळदीचा होता. पोहोचल्याचे पत्र आले आहे.

चार खंड आमच्या कपाटात, वडिलांच्या पोथ्यांशेजारी आहेत. त्यांपैकी तिसरा सध्या जागेवर नाही. पुतणी वसतिगृहात घेऊन गेली आहे, आणि तिच्या खोलीतल्या तिघींत आधी कोणी वाचावयाचा ह्यावरून तेथेही क्रम लावावा लागला असे कळते.